चिंचेला टांगलेली गाडी

सरकारांची मोटार भंगारात निघाली, ही बातमी मला लोहाऱ्याच्या बाजारात कळली. हातातला तराजू तसाच टाकला आणि मी तडक वाट धरली.

'सरकार' म्हणजे माकणीच्या अलीकडच्या एका गावचे मोठे जमीनदार. खरं सरकार हैदराबादेत होतं, निजामाचं, पण गावाला ते लांब पडायचं. मी त्या काळात मोड घेत हिंडायचो. फुटकी घागर, झिजलेला फाळ, तुटका नाल, जे लोखंड माणसाला नकोसं झालं ते माझं. तेरहून रिकाम्या हातानं निघालो होतो आणि सोलापूरपर्यंत गिऱ्हाईक जोडलं होतं, तेही कुणाच्या शिफारशीवर नाही. सोलापुरात माझा माल घेणाऱ्याच्या समोरच मोटारींचा कारखाना होता. पावसाळ्यात धंदा बसला की मी तिथं जाऊन राबायचो. रोजाचे पैसे मिळायचे नाहीत, शिव्या मिळायच्या. पण मोटार आतून कशी असते ते मी तिथं शिकलो.

हीच सरकारांची मोटार आधी एकदा तेरणा नदीच्या उतारावर स्प्रिंग तुटून बसली होती. मी पुढं होऊन म्हटलं, मी करतो दुरुस्त. सरकारांचे दिवाणजी पांढरीशुभ्र शेरवानी सावरत सगळ्या लोकांदेखत म्हणाले, "बाबा रे, तुझा धंदा मोडीचा. तुला मोडता येतं. जोडायला माणसं वेगळी असतात."

लोक हसले. पुढं कितीतरी दिवस त्या गावची पोरं मला बघून 'मोड्या आला, मोड्या आला' ओरडायची. दिवाणजी आता हयात नाहीत. तरी ते वाक्य मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

तर मी बैठकीत जाऊन उभा राहिलो. सरकार पान लावत होते. दिवाणजी शेजारी.

"काय देतोस गाडीचं?" सरकारांनी विचारलं.

"काही देत नाही."

"मग आलास कशाला?"

"न्यायला."

सरकारांचा पान लावणारा हात थांबला. सौद्यात समोरच्याचा हात थांबला की निम्मं काम झालेलं असतं. मी म्हटलं, "सरकार, भंगारात घातली तर एकदाच पैसा येईल. लढाई चाललीय, नवी गाडी मिळत नाही, सामान मिळत नाही. हीच नीट केली तर सोलापूरच्या रस्त्यावर रोज उतारू घेऊन पळंल. निम्मी तुमची, निम्मी माझी."

"तिची चासी, खालचा सांगाडाच तुटलाया," दिवाणजी म्हणाले. "पळंल कशावर? तुझ्या खांद्यावर?"

"चासी लोहाराच्या भट्टीत जोडतो. त्यासाठी वरची बॉडी अख्खी उचलून बाजूला काढावी लागंल, एवढंच."

"एवढंच!" दिवाणजी सरकारांकडं वळले. "आतल्या लाकडाला वाळवी लागलीया सरकार. उचलली की पापडागत मोडंल. मग भंगाराचाबी भाव यायचा न्हाय."

सरकार गंमतीत आले होते. ते म्हणाले, "बॉडी अखंड काढून दाखव. निघाली तर गाडी निम्मी तुझी. मोडली तर दिवाणजी सांगतील त्याला ती जाईल, आणि तू या वेशीच्या आत पुन्हा यायचं नाहीस."

"आन् आमच्याकडचा एक माणूस मदतीला मिळायचा न्हाय," दिवाणजींनी पुस्ती जोडली.

"मिळाला तरी घेणार नाही!" मी म्हटलं.

हे रागात गेलं. सौद्यात रागानं बोललेला शब्द महाग पडतो, हे मी दुसऱ्यांना शिकवायचो.

गाडी गोठ्याच्या कडेला उभी होती. वरचं कापडी टप कुजून लोंबत होतं आणि मागच्या गादीवर कोंबडी अंड्यावर बसली होती. तिनं मला टोचलं. पण मी बोनेट उघडलं, आत वाकलो आणि माझं काळीजच नाचायला लागलं. इंजिन शाबूत होतं! वर धूळ होती, खाली तेल होतं. असा माल ही माणसं तराजूत घालायला निघाली होती!

पुढचे दिवस मी आणि माझा माल वाहणारे हमाल तिच्याखाली पडून होतो. बॉडी चासीला बोल्टांनी धरलेली असते. ते बोल्ट गंजून दगड झाले होते. तापवावेत तर लाकूड पेट घेणार. मग करडईच्या तेलात रॉकेल मिसळून चिंध्या भिजवल्या आणि एकेका बोल्टाला पट्टीसारख्या बांधल्या. सकाळी पान्हा लावायचा, जोर करायचा, हलला नाही तर पुन्हा नवी चिंधी. पहिला बोल्ट 'कर्र' करून फिरला तेव्हा मी असा ओरडलो की गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसका देऊन उभी राहिली.

बोनेट काढलं, मडगार्ड काढली, स्टिअरिंगचा दांडा मोकळा केला, तारा सोडल्या. बॉडी उचलताना दारांच्या जागी मोडते, हे मी सोलापुरात पाहिलं होतं. म्हणून दारं जुन्या धोतरांनी आवळून बांधली आणि आतून आडवे-उभे बांबू ठोकले. वाळवी खरंच होती, पण पापड होण्याइतकी नव्हती.

आता उचलायची कशानं? सोलापूरच्या कारखान्यात त्यासाठी साखळीचा रहाट होता. इथं आणायचा कुठून? मी चिडून शेतातनं चाललो होतो आणि समोर अप्पांची मोट चालू होती. विहिरीवर लाकडी चाक, चाकावरून नाडा म्हणजे जाड दोर, खाली पाण्यानं टच्च भरलेली चामड्याची मोट. बैल उतारानं धावेवर खाली गेले आणि मोट अलगद वर आली. मी तिथंच उभा राहिलो. बॉडी त्या मोटेहून कितीशी जड असणार?

अप्पा लिंगायत शेतकरी. घरात कानडी, गावात मराठी आणि बैलांशी फक्त कानडी. माझं ऐकून ते म्हणाले, "खुळा हायस का रं? माज्या बैलांस्नी काय झालं तर?"

"अप्पा, गाडी चालू झाली की पहिली फेरी तुमच्या घरची. सगळी माणसं बसवून सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला."

"म्हातारीबी?"

"म्हातारी पुढच्या सीटवर."

अप्पांनी बैलांकडं बघितलं, घराकडं बघितलं. "उंद्या ये," म्हणाले.

टायरांत कडबा कोंबून आम्ही गाडी अप्पांच्या खळ्यावर ओढून आणली. तिथं मोठी चिंच होती आणि चिंचेपासून जमीन उतरत जाऊन पुढं बाभळ होती. मोटेचं चाक फांदीला पक्कं बांधलं. बॉडीच्या खालून दोन वासे आडवे घातले, चारी टोकांचे दोर वर एकत्र आणून नाड्याला जोडले. सगळं गाव जमलं. सरकारांसाठी खुर्ची आली. दिवाणजी उतारावर नाड्याच्या बाजूला उभे राहिले, तुर्की टोपी, शेरवानी आणि तोंडावर माझं मयत बघायला आल्याचा भाव.

अप्पा नाड्यावर बसले. मोट हाकणारा उताराला नाड्यावर बसतो, त्याचा भार जाणवला की बैल पुढं निघतात. "नडी, नडी!" अप्पांनी बैलांना कानडीत चालायची हाक दिली.

नाडा ताठ झाला. चाक कुरकुरलं. बॉडी कण्हल्यासारखी वाजली आणि पुढून बोटभर सुटली, मग मागून. ती वर निघाली! माणसं ओरडत होती, मीही ओरडत होतो. तिच्या आणि चासीच्या मध्ये पलीकडची ज्वारी दिसायला लागली. मी आजवर पुष्कळ लोखंड वेगळं केलं होतं, पण अशी एक अख्खी वस्तू हवेत तरंगताना पाहिली नव्हती.

"ढकला!" मी ओरडलो. हमालांनी चासीला खांदे लावले. इंजिन पुढं सरकलं, सांगाडा निम्मा बाहेर आला.

आणि बैल नेहमीच्या अंतरावर पोचले.

मोटेचं काय असतं, तिथं पोचलं की वर मोट थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठच्या कुंडीत, रिकामी होते. हाकणारा नाड्यावरून उठतो, बैलांना मागं घेतो, बैल उलट्या पावलांनी चढ चढतात आणि मोट पुन्हा विहिरीत जाते. अप्पांनी जन्मभर तेच केलं होतं. बैलांनीही. माझ्या, अप्पांच्या, गावातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की आज तिथं थांबायचं आहे. अप्पा उठले, त्यांनी बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि सवयीनं म्हणाले, "हिंदक!"

बैल मागं निघाले. बॉडी खाली यायला लागली आणि चासीची मागची चाकं ऐन तिच्या पोटाखाली होती.

"अप्पा! अवो अप्पा, काय करताय!" मी किंचाळलो. अप्पांच्या लक्षात आलं, त्यांनी कासरे ओढले. पण माझ्या किंचाळण्यानं बैल बिथरले आणि आणखी भरभर मागं सरले. हमाल बॉडी डोक्यावर येताना बघून पळाले. एक हात उरला असेल. वासा चाकाला टेकला, करकरला.

तेवढ्यात कुणीतरी धावत येऊन नाड्यावर धपकन बसलं.

बैलांना भार जाणवला. भार म्हणजे पुढं. ते थांबले, चुळबुळले आणि मुकाट्यानं उतार उतरायला लागले. बॉडी पुन्हा वर गेली. नाड्यावर दिवाणजी होते. टोपी पडलेली, शेरवानी मांडीपर्यंत चढलेली, पाय दोन्हीकडं सोडलेले आणि तोंडानं "हो, हो, हो" चाललेलं.

"दिवाणजी, हलू नका!" मी ओरडलो. आणि दिवाणजी हलले नाहीत.

मी स्वतः चासीला खांदा दिला. हमाल लाजून परत आले. चासी उघडी-बोडकी बाहेर पडली. तिच्या जागी आम्ही कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि अप्पांनी बैल दमानं मागं घेत बॉडी पेंढ्यांवर टेकवली. अख्खं गाव नाचायला लागलं.

दिवाणजी टोपी झटकत सरकारांपुढं गेले. "अट मोडली सरकार. आपल्याकडचा माणूस लागला."

"अट तुम्ही मोडली!" मी तापलो. "माणूस देणार नाही म्हणाला होतात तुम्ही. दिलात तुम्ही."

"आन् मिळाला तरी घेणार न्हाय, हे कोण म्हणालं?"

रागात गेलेला शब्द असा महाग पडला.

सरकारांनी वेगळंच विचारलं. "दिवाणजी, तुम्ही बसलात कशाला? मोडली असती तर तुमचंच खरं झालं असतं."

दिवाणजींनी वर चढलेली शेरवानी खाली ओढली. मग म्हणाले, "बैल मागं येताना दिसलं आन् बसलो. आमच्या वडलांची मोट होती. तिच्यावरच वाढलो."

"आं?" अप्पा उडाले. "तुमी? मोटंवर?"

मागून कुणीतरी शीळ घातली. दिवाणजींचा चेहरा लाल झाला. मला उकळ्या फुटायला हव्या होत्या, फुटल्याही. पण गाडी अजून माझी झाली नव्हती.

"सरकार, पुन्हा उचलतो," मी म्हटलं.

"काय?"

"आत्ता. सगळ्यांदेखत. ह्यांनी लांब उभं राहायचं."

हमाल माझ्याकडं वेड लागल्यासारखं बघायला लागले. एकदा वाचलेला माल पुन्हा कशाला टांगायचा? वासा आधीच करकरला होता. पण अर्धवट जिंकलेला सौदा घेऊन मी त्या वेशीबाहेर जाणार नव्हतो. वासा बदलला, गाठी पुन्हा आवळल्या. अप्पांना सांगितलं, "ह्या खेपेला उठायचं नाही. मी म्हणेस्तोवर बुड हलवायचं नाही."

"आता मेलो तरी उठत न्हाय," अप्पा म्हणाले.

"नडी!"

बॉडी पेंढ्यांवरून सुटली, वर गेली, माझ्या डोक्याच्या वर. अप्पा बसून होते, बैल ताठ उभे. मी धावत जाऊन नाड्याला दुसरा दोर जोडला आणि त्याचे वेढे बाभळीच्या बुंध्याला घातले. मग बैल सोडले. चिंचेला मोटार टांगली होती आणि वाऱ्यानं हळूच फिरत होती. पोरं तिच्या सावलीत शिरत होती आणि किंचाळत बाहेर पळत होती.

दिवाणजी पुढं आले. त्यांनी तिच्याभोवती चक्कर मारली, खालून वाकून पाहिलं, दारांच्या सांध्यांवर बोट फिरवलं, जिथं हात पोचला नाही तिथं टाचा उंचावल्या. चीर सापडावी म्हणून त्यांनी जेवढं शोधलं तेवढं मीही शोधलं नसतं. शेवटी हात झटकून म्हणाले, "उतरवा आता. उगं टांगून कशाला ठेवलीया?"

मी उघड्या चासीवर, इंजिनाला पाठ लावून बसलो. खाली चासीचा तुटलेला भाग टोचत होता. असं आसन मला पुन्हा कधी मिळालं नाही.

"उतरवतो की," मी म्हटलं. "आधी सरकार बोलू देत. मोठ्यानं. त्या कडेच्या लोकांनाही ऐकू गेलं पाहिजे."

"मला दम देतोस?" सरकारांनी विचारलं.

"नाही सरकार. सौदा पुरा करतोय."

सरकारांनी वर टांगलेल्या गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि खुर्चीवरून उठले. "गाडी निम्मी ह्याची," ते म्हणाले, आणि मी हातानं खूण केल्यावर तेच पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं म्हणाले.

मग मी अप्पांना बैल जुंपायला सांगितलं.