टॅक्सीतली किरकिर

स्टँडवर तिला सगळे तपासनीसबाई म्हणत. पेट्रोल भरताना ती गाडीतून उतरून मीटरवर डोळा ठेवी, सुटे पैसे दोनदा मोजी, आणि गिऱ्हाइकाने वाटेत पत्ता बदलला की आरशातून त्याचं तोंड बघून घेई. नवरा गेल्यावर त्याची टॅक्सी तिने स्वतः चालवायला घेतली, ती असल्या सावधपणाच्या जोरावरच. दिवसा ती चालवी, संध्याकाळपासून धाकटा दीर.

गाडीतला रेडिओ तिचा सोबती होता. सकाळची जुनी गाणी लागली की तिचा चेहरा जरा सैल होई. पण अलीकडे गाण्यांत किर्र आवाज शिरायला लागला, पिठाच्या गिरणीत गायक बसवल्यासारखा. दिराला विचारलं तर तो म्हणाला, "माझ्या वेळी तर स्वच्छ वाजतो, वहिनी."

तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. एकच गाडी, एकच रेडिओ, आणि त्रास फक्त हिलाच?

एका दुपारी तिने डॅशबोर्डखाली मान घातली. रेडिओच्या वायरीला नवीकोरी काळी पट्टी गुंडाळलेली होती. म्हणजे कुणाचा तरी हात लागला होता, आणि किल्ली तर दोघांकडेच. हिला वैताग यावा, गाडी सोडून द्यावी, असा बेत असणार. घरी आल्यावर भाजी निवडता निवडता ती जावेला म्हणाली, "तुमच्या नवऱ्याला गाडी एकट्यालाच हवी असेल तर सरळ सांगा म्हणावं. वायरी कशाला कुरतडायच्या?"

जावेने भाजीची परडी उचलली आणि ती आत गेली. पण दुसऱ्या दिवसापासून दिराने किल्ली हातात द्यायचं सोडलं. तो ती खुंटीला लावून निघून जाई.

शेवटी ती गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याकडे गेली. जाताच त्याला पट्टी दाखवली. "हे बघा, इथे कारभार झालाय."

त्याने आधी इंजिन चालू करून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. किर्र होती तेवढीच राहिली. "इंजिनाचा आवाज असता तर चढला असता," तो म्हणाला. मग त्याने सिगारेट लायटरच्या जागी लावलेला तिचा अलीकडेच घेतलेला मोबाइलचा चार्जर उपटला. गाणं एकदम स्वच्छ झालं. त्याने चार्जर परत लावला, किर्र परत आली.

तिचा विश्वास बसेना. तिने स्वतः चारदा लावून-काढून पाहिलं.

"स्वस्तातला माल आहे," तो म्हणाला. "आत वीज फार भरभर चालू-बंद होते. ती गडबड एरियल पकडतं."

गाडी देताना ती आपला चार्जर काढून घरी नेई. दिराचा फोन जुना, बटणांचा. त्याला गाडीत चार्जर लागतच नसे.

"आणि ती पट्टी?"

त्याने ती सोडवली. आत तांब्याच्या तारेची छोटी गुंडाळी होती. "आवाज गाळायलाच घातलीय कुणीतरी. चांगली आहे. पण रेडिओला वीज देणाऱ्या वायरीत घातलीय, आणि तुमचा त्रास येतोय एरियलमधून." त्याने गुंडाळी होती तशीच ठेवली, चांगला चार्जर दिला, त्याची वायर गडबड अडवणाऱ्या एका काळ्या कड्यातून दोन वेढे देऊन ओवली आणि एरियलच्या वायरीपासून लांब बांधली.

संध्याकाळी दीर किल्ली घ्यायला आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"भाऊजी, ती गुंडाळी तुम्ही घातलीत?"

"हो."

"तुम्हाला तर आवाज येत नव्हता."

"कधीच नाही आला. पण तुम्ही म्हणालात म्हणजे येत असणार."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? मी हात लावला म्हटलं असतं तर तुम्ही काय समजला असता?"

किल्ली तिने त्याच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेली. "माझंच चुकलं," ती जावेला म्हणाली. जावेने कणीक मळणं थांबवलं नाही. "मला नका सांगू," ती म्हणाली, "त्यांना सांगा."

तो तोवर गाडी घेऊन गेला होता.