कातडं शाबूत हवं

शिकार ही तपश्चर्या आहे, असं अमेरिकेतल्या चँडलरमधले आमचे शेजारी, एक निवृत्त इंजिनियर काका, गॅरेजमध्ये काडतुसं भरता भरता सांगतात. कायोटीसाठी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासाठी, त्यांना हलकी गोळी लागते, आत शिरून तिथेच फुटणारी. "आरपार गेली की कातडं वाया जातं रे." बंदुकीची दारू ते सोनाराच्या गांभीर्याने तोलतात.

"आधी एक कातडं आणा, मग प्रवचन द्या," काकू म्हणतात.

जानेवारीत ते मला वाळवंटात घेऊन गेले. पहाटे एक कायोटी समोरच येऊन बसला. काकांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं आणि रायफल खाली ठेवली.

"लव अजून भरली नाहीये याची."

लव गालिच्यासारखी दाट होती.

घरी काकूंनी विचारलं, "कातडं?"

"एकदम शाबूत," काका म्हणाले.

ते खरंच होतं. कायोटी ते घालूनच गेला होता.