मेल्यानंतरचं उत्तर

बाबा बंगळूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत इंजिनिअर होते. काम काय, हे ते सांगत नसत आणि आम्ही विचारायचं नाही, हा घरचा कायदा. वर्षातून एकदा, आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, घरच्यांना आत सोडत. दारात कुंकू भरलेला कोहळा फोडलेला असे. मी आठ वर्षांची असताना बाबांनी मला एका करड्या पेटीला हळदकुंकू वाहायला लावलं. हिचा उपयोग काय, असं मी विचारलं.

"शत्रूनं अणुबॉम्ब टाकून आपलं शहर संपवलं, तरी ही जमिनीखाली बसलेल्या माणसाला हुकूम पोचवेल. मग तो त्यांचं शहर संपवेल. त्यांना हे आधीच ठाऊक असतं, म्हणून ते हात उचलत नाहीत. धाक म्हणतात याला."

"पण आपण तर मेलेले असू. मग कशाला?"

"तो प्रश्न खालच्या माणसानं विचारायचा नसतो," बाबा म्हणाले.

अलीकडे सीमेवर पुन्हा तापलं. आईबाबा तेव्हा माझ्याकडेच, सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहत होते. भोंगे वाजवून सराव झाला आणि सोसायटीतल्या कंप्युटरवाल्या पोरांना युद्धाची खुमखुमी आली. त्यांनी क्लबहाउसमध्ये बाबांचं भाषण ठेवलं. निवृत्त माणसाला श्रोते मिळाले की जिभेला हाड राहत नाही. माझ्या शाळेच्या दिवसांतल्या अशाच एका तणावाची गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांना जमिनीखाली ड्यूटीवर बोलावलं होतं. वर शहर उरेल की नाही, सांगता येत नव्हतं.

"आमच्यापैकी एकानंही बायकामुलांना गावी पाठवलं नाही," बाबा अभिमानानं म्हणाले. "क्वार्टर्स रिकाम्या दिसल्या असत्या तर शत्रूला वाटलं असतं, आम्हीच हल्ला करतोय. म्हणून घरच्यांना काही न सांगता निघालो."

टाळ्या पडल्या. आई पहिल्या रांगेत बसली होती. मला तो दिवस लख्ख आठवत होता. बाबा दुपारी जेवले, बॅग घेतली, चार दिवस येत नाही म्हणाले, आणि दारातून आईला बजावलं की गॅसचा नंबर लावून ठेव. आईनं तो लावला होता.

लिफ्टमध्ये तिनं विचारलं, "खाली तुम्हाला जागा होती?"

"होती."

"मला स्वल्प तरी सांगायचं."

"तू पोरीला घेऊन माहेरी गेली असतीस. तीच तर अडचण होती."

त्यानंतर आई त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. चहा देत होती, गोळ्या काढून ठेवत होती. मला वाटलं, मिटलं. मी मूर्ख.

काही महिन्यांनी ती आजारी पडली. हॉस्पिटलमध्ये मला जवळ बोलावून म्हणाली, "मी गेले की यांनी माझ्या तोंडात पाणी घालायचं नाही. तू घाल. आणि का, ते चारचौघांत सांग. आधी बोलू नकोस. हात जोडत येतील आणि मी विरघळेन."

मी हो म्हटलं.

ती गेली. तिला हॉलमध्ये ठेवलं होतं. टाळ्या वाजवणारी पोरंही आली होती. बाबा तुळशीचं पान आणि पाण्याची पळी घेऊन वाकले. पळी धरलेल्या याच हातानं त्यांनी मला सायकल शिकवली होती. मी गप्प बसले असते तर कोणाला काय कळणार होतं? आई काही उठून विचारणार नव्हती. म्हाताऱ्याला आता मारून काय परत येणार होतं? खालच्या माणसानं करायचा नसतो तो सगळा विचार मी केला, आणि तरी बोलले.

"बाबा, थांबा. तुमच्या हातचं पाणी नको म्हणाली आहे. आम्हाला मरायला वर ठेवून तुम्ही खाली गेलात म्हणून."

पोरं फरशीकडे बघत राहिली. पळीतलं पाणी बाबांच्या पायावर सांडलं. मला त्या क्षणी बरं वाटलं, हे लपवत नाही.

ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे तिनं आधी सांगायला हवं होतं. समोरच्याला ठाऊकच नसेल तर त्याला धाक म्हणत नाहीत."

"तिला धाक घालायचाच नव्हता, बाबा."

त्यांनी मान डोलावली आणि पळी माझ्या हातात दिली.