बापूंच्या पाठीमागे

काल सायकलवाल्याने पंक्चर काढताना ट्यूब घासली. त्या जळकट रबराच्या वासाने मला पांडेसऱ्यातल्या आमच्या जुन्या चाळीच्या गच्चीवर नेऊन उभं केलं.

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. कठड्याच्या दोन सळयांना ट्यूबची पट्टी बांधून आम्ही पोरांनी भलीमोठी गलोल केली होती. कापडाच्या कारखान्यातून आणलेल्या दोऱ्याच्या रिकाम्या बॉबिन तिच्यातून उडवायचो. आधी नेम पाण्याच्या टाकीवर असायचा. मग आम्हाला बापू सापडले.

बापू खालच्या खोलीत राहायचे. सारं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलेलं. पाळी संपली की ओट्यावर आमच्याकडे पाठ करून चहा पीत बसायचे. मागे बॉबिन खणकन आपटली तरी वळायचे नाहीत आणि त्याचंच आम्हाला हसू यायचं. ज्याची बॉबिन त्यांच्या सगळ्यात जवळ पडेल, तो जिंकला.

त्या दुपारी माझी बॉबिन थेट त्यांच्या कानामागे बसली. बाकीची पोरं पळाली. मी गलोलीपाशीच उभा राहिलो. बापू कानामागे हात दाबून धरत जिना चढून वर आले. त्यांच्या बोटांना रक्त होतं. बॉबिन माझ्या हातात ठेवत ते ओशाळून म्हणाले, "तू हाक मारी व्हई रे पोऱ्या. मालेच ऐकू येत नही."

हाक कुणीच मारली नव्हती.

त्यांना नीट ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "हो बापू, तीनदा मारली."