टीव्हीला जोडायचा की हातात धरायचा

माझी धाकटी बहीण आणि दाजी दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात. पालमजवळच्या कोरडवाहू जमिनीवर त्यांचं भागत नाही. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा त्यांच्याबरोबर कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, राहतो. मोठी मुलगी यंदा पाचवीत गेली. मागच्या साली ती शाळा अर्ध्यावर सोडून त्यांच्याबरोबर गेली होती. यंदा तिने परभणीला आमच्याकडे राहून शिकायचं ठरलं. राहते म्हणाली, पण एक व्हिडिओ गेम पाहिजे म्हणाली.

मला ही मागणीच खटकली. सुट्टीत आमच्याकडे आलेली ही पोरगी मोबाईललासुद्धा हात लावत नाही. तिला गेम कशाला?

तरी बहीण-भाचीला घेऊन दुकानात जाताना दाजींनी मलाही बरोबर घेतलं. आमच्यात वस्तू घेताना चौकशीचं काम माझ्याकडे असतं. दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले. एक टीव्हीला जोडायचा, दुसरा हातात धरायचा, ज्याला स्वतःचा पडदा आणि बॅटरी असते. दोन्हींत चारशे गेम आहेत म्हणाला. मी यादी खाली सरकवत गेलो. चाळीसेक नावांनंतर पहिलाच गेम दुसऱ्या नावाने आला. दोन्ही चालू करायला लावले. गाडी तीच, फक्त निळीची लाल झालेली. दुकानदार म्हणाला, हे नवीन व्हर्जन आहे. त्यानंतर मी त्याच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवला नाही. बॅटरी किती वेळ चालते, चार्जर कुठला बसतो, बिल पक्कं मिळेल का, एकेक विचारत गेलो.

दाजींनी दोन्ही हातांत दोन डबे धरून वजन पाहिलं. टीव्हीचा जड होता. "हाच दणकट हाय," ते म्हणाले. माझं मतही तेच होतं, कारण वेगळं होतं. टीव्ही आमच्या बैठकीत आहे. किती वेळ खेळते ते दिसेल.

तेवढ्यात भाचीने दुकानदाराला विचारलं, "लाईट नसली तरी कोणचा चालतंय?"

आमच्या घरी इन्व्हर्टर आहे. लाईट नसते ती कोपीवर; तिथे मोबाईलसुद्धा ट्रॅक्टरवर चार्ज करावा लागतो. मी बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, ही राहणार नाही, हिची जायची तयारी चाललीय.

"दादा, तू लेकरालाबी पोलिसावानी बघायलास," बहीण म्हणाली.

भाचीने ते ऐकलं. "मला नकोच हाय," ती म्हणाली. "बारक्याला पायजे. त्यो ट्रॅक्टरमागं पळतंय. मागच्या साली मी धरत व्हते. आता कोण धरंल?"

दाजींनी जड डबा काउंटरवर ठेवून दिला. आम्ही हातात धरायचा घेतला.

यंदा त्यांचा फड गंगाखेडच्या बाजूला होता. निघायच्या दिवशी धाकटा गाठोड्यावर बसून गेममध्ये मान घालून होता. आपल्या मोठ्या बहिणीकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. ती आमच्या फाटकाशी उभी होती.

दोन-तीन दिवसांनी तिच्या दप्तराचा बंद तुटला म्हणून मी ते शिवायला घेतलं. तळाशी त्या गेमचा चार्जर निघाला.

"राहिला वाटतं," ती म्हणाली. "मी नेऊन देते की, मामा. शनिवारी शाळा लवकर सुटती." गंगाखेडच्या गाडीची वेळ तिला तोंडपाठ होती.

मी सांगितलं, "तुझ्या बापाच्या मोबाईलचाच चार्जर त्याला बसतो. दुकानातच लावून बघितला होता."

तिने चार्जर माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "तुमी मला आदी का सांगितलं न्हाई?"

शनिवारी मी तिला भेटवून आणायचं कबूल केलं. चार्जर घेऊ दिला, कपड्यांची पिशवी मात्र घेऊ दिली नाही. एसटीत ती खिडकीशी बसली. ऊन चांगलंच होतं, तरी ती नेहमीपेक्षा जाड दिसत होती. मी तिच्या बाहीखाली बोट घालून पाहिलं. तिने एकावर एक दोन फ्रॉक घातले होते. मी बाही परत नीट केली.

फडावर धाकटा तिला पाहून गेम टाकून पळत आला. दोघं अंधार पडेपर्यंत उसाच्या गाड्यांपासून लांब, कोपीमागे खेळत होते. मी पूर्ण वेळ दोघांवर नजर ठेवून बसलो.

शेवटच्या गाडीने ती माझ्याबरोबर परत आली. अंगावर एकच फ्रॉक होता. दुसरा कोपीवर ठेवून आली होती. "राहिला वाटतं," ती म्हणाली.