नदीपलीकडचं राज्य

शैलजा गेल्याचं कळलं तेव्हा मी कुवेतमधल्या राई नावाच्या भागात एका गॅरेजमध्ये बसले होते. गाडीचा एसी बंद पडला होता आणि कुवेतच्या उन्हाळ्यात तशी गाडी घेऊन मंगफला घरापर्यंत जाणं शक्यच नव्हतं. बाहेर धुळीनं आकाश मातकट झालेलं, समोर बॉनेट उघडी टाकलेली गाडी, आणि फोनवर शैलजाच्या नवऱ्याचं, श्रीकांतरावांचं नाव. ते म्हणाले, "नीलिमाताई, झालं." मागे त्यांच्या मुलीचा, मुक्ताचा आवाज येत होता, ती नर्सशी अरबीत बोलत होती, अगदी शांतपणे. गाडी तिथेच सोडून मी टॅक्सीनं हॉस्पिटलला गेले. वाटेत मला राहून राहून एकच वाटत होतं, की निदान मुक्ता जवळ होती. ती जवळ असण्याची किंमत काय पडणार आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच पुरतं कळलेलं नव्हतं…

शैलजा आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. अमेरिकन अभ्यासक्रमाची शाळा, मुलं मात्र कुवेती, इजिप्शियन, लेबनीज आणि आपली भारतीय. अमेरिकन मूल औषधाला एखादं. मी केमिस्ट्री शिकवायचे, ती अमेरिकेची शासनव्यवस्था. नाशिकच्या कॉलेजात ती राज्यशास्त्र शिकवत होती. लग्नानंतर श्रीकांतरावांच्या मागोमाग इकडे आली, ते मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. आम्ही मंगफला एकाच इमारतीत राहायचो आणि रोज एकाच गाडीनं शाळेत जायचो. त्यामुळे अमेरिकेची राज्यघटना मी शिकले ती सकाळच्या ट्रॅफिकमध्ये, तिच्या शेजारच्या सीटवर बसून.

तिचा वर्षाचा पहिला तास शाळेत प्रसिद्ध होता. ती वर्गात जाऊन एसीचा रिमोट टेबलावर ठेवायची आणि विचारायची, हा कोणाच्या हातात द्यायचा? इथल्या मुलांना याहून जिव्हाळ्याचा प्रश्न नाही. मग भांडणं व्हायची. ज्याच्या हातात रिमोट तोच नियम करू लागला की बाकीचे गारठतात किंवा घामाघूम होतात, हे मुलांना दहा मिनिटांत उमगायचं. शेवटी मुलं स्वतःच ठरवायची, की नियम सगळ्यांनी मिळून करायचे, रिमोट एकाकडे ठेवायचा आणि तंटा झाला तर तो तिसऱ्याच कोणाकडे न्यायचा. शैलजा तोवर एक शब्द बोलायची नाही. मग फळ्यावर तीन नावं लिहायची, काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष, न्यायालय. राज्यांचे अधिकार शिकवताना ती इमारतीचं उदाहरण द्यायची. गच्चीवरची पाण्याची टाकी आणि लिफ्ट हारिसच्या, म्हणजे इमारतीच्या राखणदाराच्या ताब्यात, पण तुमच्या स्वयंपाकघरात आज काय शिजायचं हे तो ठरवू शकत नाही. त्याच्या कामांत जे लिहिलेलं नाही ते तुमचं. अमेरिकेतल्या राज्यांनी केंद्राशी असाच करार केला, असं ती सांगायची.

पण ती अमेरिकेची भक्त नव्हती. याच राज्यघटनेत गुलाम माणसाला तीनपंचमांश मोजलं होतं, हे ती दरवर्षी सांगायची, आणि राज्यांच्या हक्कांच्या नावाखाली माणसं विकत घेण्याचा हक्क किती काळ राखला गेला तेही सांगायची. एकदा एका इजिप्शियन मुलीनं तिला विचारलं, की आमच्यातल्या बहुतेकांना इथंही मताचा हक्क नाही आणि तिथंही नाही, मग हे आम्ही का शिकायचं? गाडीत परतताना शैलजानं आपलं उत्तर मला मराठीतून सांगितलं. "मी म्हटलं, सत्ता कोणाच्या ना कोणाच्या हातात असणारच आहे. ती कुठे बांधलेली आहे आणि कुठे मोकळी सुटली आहे, एवढं तरी तुला दिसलं पाहिजे."

ईदच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. पोटात दुखतंय म्हणून तपासायला गेली, आणि स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावच काढलं नाही. श्रीकांतराव कोसळले, तिनं मात्र परीक्षेच्या प्रश्नपत्रिका पुऱ्या करून शाळेला पाठवल्या. आणि मुक्ताला सांगितलं, की आजार आहे, पण औषधं लागू पडताहेत, वर्ष-दोन वर्षं काही काळजी नाही.

मुक्ता ही त्यांची एकुलती एक मुलगी. जन्म कुवेतचा, शाळा आमचीच, कॉलेजला अमेरिकेत गेली आणि आता तिथल्या एका विद्यापीठात संशोधन करत होती. बॅटऱ्यांवर काम करायची. घरी आई-बाबांशी मराठीत सुरुवात करायची आणि तिसऱ्या वाक्याला इंग्रजीत जायची. आईची तब्येत कळताच ती निघणार होती. त्याच सुमारास तिथल्या राष्ट्राध्यक्षांचा हुकूम निघाला, की मुक्ताकडे होता त्या प्रकारच्या व्हिसावरची माणसं देशाबाहेर गेली तर त्यांना परत प्रवेश मिळणार नाही. काही राज्यं लगेच केंद्राविरुद्ध कोर्टात गेली, आणि एका न्यायाधीशांनी हुकुमाला स्थगिती दिली. मुक्तानं आनंदानं फोन केला. शैलजानं निकाल मागवून वाचला आणि सांगितलं, घाई करू नकोस. स्थगिती फक्त दावा लावणाऱ्या राज्यांपुरती होती. मुक्ताच्या राज्यानं दावा लावलेला नव्हता.

मुक्ता ज्या शहरात होती ते नदीकाठचं आहे, आणि नदीच्या पलीकडे दुसरं राज्य सुरू होतं. ते राज्य खटल्यात होतं. तिच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून त्याचे दिवे दिसायचे. तिच्या ओळखीचा, तशाच व्हिसावरचा एक मुलगा पलीकडच्या विद्यापीठात होता. तो आपल्या बहिणीच्या लग्नाला हैदराबादला जाऊन परतही आला. हे सगळं शैलजानं मला पलंगावर पडल्या पडल्या समजावून सांगितलं, वर्गात सांगायची तसं, नीट, पायरीपायरीनं. मी म्हटलं, हा कसला न्याय, एका नदीवर ठरणारा? ती म्हणाली, न्याय नाही, रचना आहे. केंद्रानं हात टाकला की तो अडवायला राज्य उभं राहू शकतं, हीच त्या रचनेची ताकद. आणि ज्याचं राज्य उभं राहत नाही, तो उघड्यावर… "सगळं मुद्दामच सावकाश केलंय गं. एका माणसाच्या लहरीनं देश हलू नये म्हणून. मी कायम मुलांना सांगितलं की हा सावकाशपणा दोष नाही. आता माझ्याकडेच वेळ नाही, त्याला कोर्ट तरी काय करणार?"

श्रीकांतरावांना हे सहन होत नव्हतं. ते मुळात शांत गृहस्थ, रिफायनरीतून आले की पेपर आणि टीव्ही, बायकोच्या विषयात त्यांनी कधी डोकं घातलं नाही. पण त्या दिवसांत ते चिडून उठायचे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की पोरीला खरं सांगू आणि यायचं की नाही ते तिलाच ठरवू दे. शैलजाला ते मान्य नव्हतं. मुक्तानं इतकी वर्षं घालून काम उभं केलंय, आता बाहेर पडली तर सगळं जाईल, वरच्या कोर्टाचा निकाल लागू दे, मग येईल. एका संध्याकाळी मी सूप घेऊन गेले. मी बसल्यावर श्रीकांतराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिच्या कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ही राहणार आहे का, ते विचारा हिला." शैलजानं डोळे मिटून घेतले. सूप तसंच गार झालं.

पुढच्या आठवड्यात श्रीकांतरावांनी रिफायनरीच्या पार्किंगमधून मुक्ताला फोन केला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, किती पसरलाय, वजन किती उतरलंय, सगळं. मुक्तानं विचारलं, "आईनं मला हे का नाही सांगितलं?" त्याच दिवशी तिनं तिकीट काढलं, आणि तेव्हा आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की तिला इथे यायलाही व्हिसा लागणार. ती जन्मली इथे, वाढली इथे, पण मोठी झाल्यावर वडिलांच्या इकाम्यावरून, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरून, तिचं नाव उतरलेलं. पासपोर्ट भारताचा, घर अमेरिकेत, जन्म कुवेतचा, आणि तिन्ही दारांवर कोणाची तरी परवानगी. सुदैवानं व्हिजिट व्हिसा झाला. इथल्या ऑफिसातल्या बाईनं श्रीकांतरावांचा चेहरा पाहून कागद हातोहात पुढे सरकवले, असं ते म्हणाले.

मुक्ता विमानतळावरून थेट हॉस्पिटलला आली. मी तिथे होते. शैलजाची त्वचा एव्हाना पिवळी पडली होती, गाल आत गेलेले, आणि उशीवर डोकं इतकं लहान दिसत होतं की मुक्ता दारातच थांबली. शैलजानं डोळे उघडले, तिला पाहिलं, आणि पहिला शब्द काढला तो "का आलीस?" मुक्ता जवळ जाऊन पलंगावर बसली. शैलजा पुन्हा म्हणाली, का आलीस, तुला कळतंय का तू काय केलंस… पण हे म्हणताना तिनं मुक्ताचं मनगट धरलं होतं. नर्स सलाईन बदलायला आली, तिनं हात सोडवायचा प्रयत्न केला, तरी शैलजानं सोडलं नाही. शेवटी नर्स दुसऱ्या बाजूनं आली.

दोन दिवसांनी मुक्ता आंघोळीला घरी गेली होती आणि मी एकटीच शैलजाजवळ होते. तिला मॉर्फिन चालू होतं, पण त्या दुपारी ती पूर्ण शुद्धीवर होती. छताकडे बघत होती. मग म्हणाली, "ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांची संमती घ्यायची, हा माझा दुसरा धडा असायचा. आणि घरात मी काय केलं? पोरीला विचारलंच नाही. हुकूम काढला." मी म्हटलं, तू तिच्या भल्यासाठीच केलंस. तिनं माझ्याकडे पाहिलं. "हुकूम काढणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, नीलिमा." थोड्या वेळानं ती इतकंच म्हणाली, की मुक्ता आली हे बरं झालं, पण तिला सांगू नकोस. मी सांगितलं. शैलजा गेल्यानंतर, विमानतळावर, शवपेटीचे कागद तपासून व्हायची वाट बघत आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो तेव्हा मुक्ताला सांगितलं. ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

शैलजाला नाशिकला नेलं. मुक्ता आणि श्रीकांतराव त्याच विमानानं गेले. गोदावरीकाठी सगळं झाल्यावर नोकरीसाठी श्रीकांतराव परत आले, मुक्ता मामाकडे राहिली. तिच्या विद्यापीठानं जागा काही महिने राखून ठेवली, प्राध्यापकांनी पत्रं लिहिली, वकिलानं अर्ज केला. मग वरच्या कोर्टाचा निकाल आला. तीन न्यायाधीश होते. दोघांनी सरकारच्या बाजूनं कौल दिला. स्थगिती उठली. नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे आता सारखेच झाले. खटला आणखी वर जाईल म्हणतात, त्याला किती काळ लागेल हे कोणीच सांगू शकत नाही. तोवर विद्यापीठानं मुक्ताची जागा दुसऱ्या कोणाला दिली. तिचं सामान तिथल्या मैत्रिणीनं खोक्यांत भरून आपल्या तळघरात ठेवलंय. नाशिकला ती एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. फोनवर बोलते ते बेतानं, पूर्ण मराठीत. ती इंग्रजीत कधी घसरते याची मी वाट बघत राहते.

परवा सुट्टीच्या दिवशी दुपारी श्रीकांतरावांकडे डबा द्यायला गेले. ते शैलजाच्या खोलीत बसले होते, तिच्या टेबलाशी, चष्मा लावून. समोर त्या निकालाचे छापलेले कागद होते आणि हातात पेन्सिल. रिफायनरीच्या नकाशांवर करावीत तशी त्यांनी समासात बारीक अक्षरात टिपणं केली होती. आयुष्यभर या विषयाकडे न बघितलेला माणूस. मी विचारलं, कुठवर आलंय? म्हणाले, दोघा न्यायाधीशांचं वाचून झालं, अवघड होतं, पण समजलं. त्यांचं म्हणणं काय आहे तेही त्यांनी मला सांगितलं, आणि बरोबर सांगितलं असावं. मग त्यांनी कागद उलटले आणि मागचा जाड भाग मला दाखवला.

"हे तिसऱ्या न्यायाधीशाचं आहे. तो मुक्ताच्या बाजूनं होता. पण तो तर हरला ना?"

मी हो म्हटलं.

"मग हरलेल्याचं मत कशासाठी छापून ठेवतात हे लोक?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, क्षणभर दाराकडे पाहिलं, जसं काही शैलजा तिथून उत्तर देईल… आणि मग पेन्सिल घेऊन त्या तिसऱ्याचं पहिलं पान वाचायला लागले.