मासळीचा बर्फ
फ्रीजची घरघर थांबली की परळच्या लॅबमधली ती दुपार आठवते. आत माणसाच्या वाढीचं हार्मोन होतं, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं, संशोधनासाठी मागवलेलं प्रोटीन, आणि फ्रीज बंद पडलेला. गरम झालं की सगळं वाया. मी धावत बाजारात गेले, मासळी विकणाऱ्या आईचा बर्फाचा खोका उचलून आणला. सर नाकाला रुमाल लावून ओरडले, "ही लॅब आहे, मच्छी मार्केट नाही!" इवल्या बाटल्या पिशवीत बांधून बर्फात खोचत मी म्हटलं, "सर, बर्फात माल कसा टिकवायचा ते माझ्या आईला विचारा." प्रोटीन टिकलं. आज ती लॅब मी चालवते. खोका फ्रीजवरच ठेवलाय. नवीन मुली विचारतात, वास कसला? सांगते, माझ्या आईचा.